अडकित्त्यापासून महालापर्यंत

पुण्याच्या शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्याच्या आतल्या बाजूला नातूबागेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. तिथे अडकित्त्यांचे एक दालनच म्हणावे इतके अडकित्ते मांडलेले आहेत. कुणाचा घोडा झालेला, कुणाचा पोपट, तर कुणाच्या दोन दांड्या म्हणजे स्त्री आणि पुरुष. दांड्या मिटल्या की दोघे एकमेकांजवळ येतात. सुपारी कातरायला यातले काहीच लागत नाही. दोन दांड्या एका खिळीवर फिरल्या पाहिजेत, सुपारी खिळीच्या जवळ बसली पाहिजे आणि हाताचा जोर खिळीपासून लांब पडला पाहिजे. तरफेच्या या साध्या नियमाने टणक सुपारी एका मुठीच्या दाबाने फुटते. बाकीचा घोडा, पोपट, मोराचा तुरा ही सगळी कारागिराची हौस. त्यानेही ती केली आणि गिऱ्हाइकानेही तिचे दाम मोजले, कारण ही वस्तू दिवसातून दहादा हातात यायची.

आपल्याकडे पुराणवस्तू म्हटले की ताम्रपट, शिलालेख, मूर्ती, तलवारी डोळ्यांपुढे येतात. राजाची किंवा देवाची वस्तू तेवढी जपण्याजोगी, असा समज फार खोल आहे. दिनकर गंगाधर केळकरांनी मात्र स्वयंपाकघर, माजघर, न्हाणी आणि ओसरी इथल्या वस्तू जमवल्या. अंग घासायच्या पितळी वज्र्या, कुंकवाचे करंडे, फणेरपेट्या, शेवयांचे साचे, खवण्या, पानदाने, चुन्याच्या डब्या, दौती, कलमदाने, समया, लामणदिवे, गंजिफा, वाद्ये, कोरीव दारे आणि खिडक्या. शस्त्रे आणि मूर्तीही आहेत, पण या संग्रहालयाचा जीव घरगुती वस्तूंत आहे. त्यांतल्या बहुतेक अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतल्या, म्हणजे आपल्या पणजोबा-खापरपणजोबांच्या हातातल्या. महाराष्ट्रात खासगी संग्रहातून उभी राहिलेली संग्रहालये आणखीही आहेत, पण सामान्य घराचा इतका मोठा दस्तऐवज दुसरीकडे क्वचितच सापडेल. कसमादे पट्ट्यातल्या, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळ्याच्या वाचकाने त्याची हकिकत समजून घ्यावी असे मला मनापासून वाटते, कारण तिथल्या कपाटांत आहे तसा ऐवज आपल्या माळ्यांवर अजून थोडाफार शिल्लक आहे.

केळकरांचा जन्म 10 जानेवारी 1896 चा. घरचा व्यवसाय चष्म्यांचा. पण ओढ इतिहासाची आणि कवितेची. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत आणि मराठी कवितांचा ‘महाराष्ट्र शारदा’ हा संग्रहही त्यांनी संपादित केला. 1920 च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. पुढची चाळीस वर्षे हा माणूस खेड्यापाड्यांतून, वाड्यांतून, जुन्या बाजारांतून फिरत राहिला. पत्नी कमलाबाईंची त्यांना पूर्ण साथ होती. संस्थानिकाची तिजोरी पाठीशी नव्हती, सरकारी हुद्दा नव्हता. होती ती नजर आणि चिकाटी. 1960 पर्यंत हा संग्रह सुमारे 15,000 वस्तूंवर गेला होता.

मधे घरावर मोठा आघात झाला. राजा हा त्यांचा एकुलता एक मुलगा लहानपणीच गेला. आपण जमवलेले सगळे भांडार केळकरांनी त्याच्या नावाने केले. संग्रहालयाच्या नावातला ‘राजा’ कुठल्या गादीचा नाही, तो या लहान मुलाचा आहे. दारावरची पाटी वाचून पुष्कळांना हे संस्थानिकाचे वस्तुसंग्रहालय वाटते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आता काळ पाहा. केळकर फिरत होते तीच चाळीस-पन्नास वर्षे घरातल्या वस्तूंच्या मरणाची होती. वीज आली आणि समई देवघरापुरती उरली. लामणदिवे, ठाणवया, मशालीची बुधली अडगळीत गेली. फाउंटन पेन आणि मग बॉलपेन आले, दौत आणि बोरू संपले. स्टेनलेस स्टील आले तशी पितळेची, तांब्याची भांडी मोडीत निघाली, कारण स्टीलला कल्हई लागत नाही आणि चिंचेने घासावेही लागत नाही. 1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी सुरू झाली आणि रुपये-आणे-पैचा हिशेब इतिहासजमा झाला. वजनमापांचा कायदा 1956 चा. पुढच्या काही वर्षांत किलो आणि लिटर सक्तीचे झाले. पायली, अधोली, शेर, मापटे, चिपटे, कोळवे, निळवे ही मापांची सगळी उतरंड, ज्यात प्रत्येक माप खालच्याच्या दुप्पट असायचे, एका पिढीत बाजारातून उठली. 12 जुलै 1961 ला पानशेतचे धरण फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे पडले. त्या वाड्यांतले तुळया-खांब लाकडाच्या भावाने गेले.

मोड म्हणून विकलेल्या पितळेचे पुढे काय होते, तर ते मुशीत जाते. वज्रीवरचा हत्ती वितळला की त्याचे नुसते वजन उरते. आणि असा हत्ती पुन्हा तसाच घडत नाही, कारण जुन्या ओतकामात प्रत्येक वस्तूचा साचा वेगळा असे. आधी मेणाची आकृती करायची, तिच्यावर मातीचे थर द्यायचे, माती तापवून मेण काढून टाकायचे आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. धातू थंड झाला की माती फोडायची. साचा तिथेच संपला. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चालुक्य राजा सोमेश्वराने ही रीत सविस्तर वर्णन केलेली आहे. म्हणून एका ओतीव समईची दुसरी जुळी सापडत नाही. जी सापडते ती नक्कल असते. मला वाटते, केळकरांना हे फार लवकर उमगले होते. राजाची तलवार कुणी ना कुणी जपणारच होते. सुनेच्या माहेरून आलेला करंडा जपणारे कुणी नव्हते.

या संग्रहातली सर्वांत मोठी वस्तू म्हणजे मस्तानी महाल. पहिल्या बाजीरावाने कोथरूडला मस्तानीसाठी बांधलेल्या वाड्याचे अवशेष केळकरांनी आणले आणि संग्रहालयात त्यातून एक दिवाणखाना पुन्हा उभा केला. लाकडी खांब, महिरपी, छत, झुंबरे. पेशवाईतला दिवाणखाना कसा असेल हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि त्या महिरपींखाली उभे राहणे वेगळे. इमारत जागेवर जपता आली तर ती जागेवरच जपावी, हे खरेच. पण जागेवर राहिली असती तर तिचे जळण झाले असते, अशी वेळ आली की उचलून आणणे हाच उपाय उरतो.

चित्रकथींच्या चित्रांपाशीही थांबायला हवे. पैठण भागात या चित्रांचा मोठा प्रघात होता. गावोगाव फिरणारा कथेकरी रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रे एकामागून एक समोर धरायचा आणि गाऊन कथा सांगायचा. चित्रे कागदावर, ठसठशीत रेघांची. मोठे डोळे, बाजूने दिसणारे चेहरे, सपाट लाल-पिवळा-हिरवा रंग. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असत, म्हणजे कागद ताठ राही आणि एक बाजू संपली की दुसरी फिरवता येई. एका आख्यानाची चित्रे एका गठ्ठ्यात बांधलेली. सिनेमा आला तसा हा खेळ बसला आणि गठ्ठे रद्दीत निघू लागले. पैठणी चित्रांचा जो मोठा संच केळकर संग्रहालयात आहे, त्याच्या आधारे देशी-परदेशी अभ्यासकांनी या कलेवर लिहिले. चित्रे उरली नसती तर लिहायला काय होते?

1962 मध्ये संग्रहाला संग्रहालयाचे रीतसर रूप आले आणि 1975 मध्ये केळकरांनी तो महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाच्या हवाली केला. 1980 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 17 एप्रिल 1990 ला, वयाच्या 95 व्या वर्षी ते गेले. आज संग्रहात 20,000 च्या वर वस्तू आहेत आणि त्यांतल्या साधारण 2,500 पाहायला मांडलेल्या असतात. बाकीच्या कोठारात. हे ऐकून लोक हळहळतात, पण जगभरच्या संग्रहालयांची हीच रीत आहे. कापड, कागद आणि रंग यांना उजेडच मारतो, म्हणून काही वस्तू आळीपाळीने बाहेर काढाव्या लागतात.

हवाली करण्याच्या या पायरीवर मी थोडे अधिक बोलणार आहे, कारण संग्रह आणि संग्रहालय यांच्यातली सीमारेषा इथे आहे. जमवणारे पुष्कळ असतात. जमवणारा गेला की वाटण्या होतात, तीन भावांत समया वाटल्या जातात, चौथ्या वर्षी त्या दिसेनाशा होतात. हान्स स्लोन या लंडनच्या डॉक्टरने आयुष्यभरात सुमारे 71,000 वस्तू जमवल्या होत्या. 1753 मध्ये तो वारला तेव्हा मृत्युपत्रात अट होती: सगळा संग्रह एकत्र राहावा आणि देशाने वारसांना 20,000 पौंड द्यावेत. संसदेने ते मान्य केले आणि 1759 मध्ये ब्रिटिश म्युझियम लोकांसाठी उघडले. हैदराबादला तिसरे सालारजंग 1949 मध्ये वारले. त्यांनी जमवलेल्या वस्तूंचे संग्रहालय 16 डिसेंबर 1951 ला पंडित नेहरूंच्या हस्ते खुले झाले. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा पायाही शेठ पुरुषोत्तम मावजी आणि सर रतन टाटा यांच्या खासगी संग्रहांनी भरला आहे. साताऱ्याजवळ औंधला भवानराव पंतप्रतिनिधींनी यमाईच्या डोंगरावर 1938 मध्ये संग्रहालय बांधले आणि त्यात राजा रविवर्म्याच्या चित्रांपासून हेन्री मूरच्या शिल्पापर्यंत आपला संग्रह ठेवला. ही सगळी नावे श्रीमंतांची. केळकर त्यांच्या रांगेत बसतात ते वस्तूंच्या किमतीमुळे नव्हे, त्यांनी आपल्या हयातीतच मालकी सोडली म्हणून.

श्रीमंतीचा प्रश्न निघाला आहे तर धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावाचे उदाहरण मला पुण्याहूनही जवळचे वाटते. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासमाहितीत तगराचा उल्लेख आहे: पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर मोठे शहर, तिथून तऱ्हेतऱ्हेचे कापड गाड्यांनी भडोचच्या बंदराकडे जाते. हे सातवाहनांच्या राज्यातले शहर आज गावाभोवतीच्या पांढरीच्या टेकाडांखाली गाडलेले आहे. टेकाडातली माती लोक शेतात टाकायला, घरे लिंपायला नेत आणि मातीबरोबर मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या, शंखाच्या बांगड्या बाहेर येत. पोरे त्या खेळायला घेत.

त्याच गावात रामलिंगप्पा लामतुरे नावाचे व्यापारी होते. त्यांनी या वस्तू गोळा करायला सुरुवात केली. पुराणवस्तुशास्त्राचे शिक्षण नाही, पण आपल्या गावाखाली काहीतरी मोठे आहे ही जाणीव पक्की. त्यांच्या संग्रहात सातवाहनांची नाणी आली, भाजक्या मातीच्या आणि केओलीन या पांढऱ्या मातीच्या मूर्ती आल्या, रोमन नाण्यांची नक्कल करून घडवलेली पदके आली. एक हस्तिदंती स्त्रीमूर्तीही आली. इटलीतल्या पॉम्पेई शहराच्या अवशेषांत 1938 मध्ये अशीच एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली होती. पॉम्पेई इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेले, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच समुद्रापार पोहोचलेली होती. तेरची मूर्ती पाहिली की त्या व्यापाराचे इकडचे टोक दिसते. लामतुऱ्यांचा हजारो वस्तूंचा संग्रह पुढे शासनाकडे आला आणि आज तेरला त्यांच्याच नावाचे शासकीय संग्रहालय आहे. वस्तू गावातून उठून मुंबईला किंवा लंडनला गेल्या नाहीत. जिथे सापडल्या तिथेच त्या पाहायला मिळतात. मला या गोष्टीचे सर्वांत अप्रूप आहे.

आपल्या नाशिक जिल्ह्यातही ही परंपरा आहे. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाण्यांवर संशोधन करणारी संस्था 1980 मध्ये निघाली. परमेश्वरीलाल गुप्त हे नाणकशास्त्रज्ञ आणि के. के. महेश्वरी हे नाणेसंग्राहक तिच्या मुळाशी होते. अभ्यासक आणि संग्राहक एकत्र आले की काय होते याचा हा नमुना. सिन्नरला ‘गारगोटी’ हे खनिजांचे संग्रहालय आहे, तेही एका माणसाच्या संग्रहातून उभे राहिलेले. विहीर खणताना काळ्या दगडाच्या पोकळ्यांत जे पांढरे, हिरवट, गुलाबी स्फटिक निघतात आणि आपण ते मुरमाबरोबर फेकून देतो, तेच तिथे दिव्यांखाली मांडलेले आहेत.

मग आपल्या पट्ट्यात आणि त्याच्या आसपास काय आहे? चांदवडला होळकरांचा रंगमहाल आहे आणि टांकसाळही होती. चांदवडी रुपया एके काळी दूरवर चालायचा. उत्तरेला साल्हेर-मुल्हेरचे किल्ले, बागलाणची जुनी राजवट. हा राजांचा इतिहास पुस्तकांत आहे आणि राहील. पण गिरणाकाठच्या शेतकऱ्याचा इतिहास वस्तूंत आहे आणि त्या वस्तू झपाट्याने चालल्या आहेत. मोटेचेच घ्या. कातड्याची मोट, जाड नाडा, सोंडेचा सोंदूर, वरचे लाकडी चाक, बैलांची धाव, पाणी पडायचे थारोळे. उताराच्या धावेवर बैल खाली जायचे, म्हणजे त्यांच्या ओढीला त्यांच्याच वजनाची मदत मिळायची. मोट वर आली की सोंडेतून पाणी आपोआप थारोळ्यात ओतले जायचे. त्यासाठी विहिरीवर दुसरा माणूस लागत नसे. ऑइल इंजिन आणि विजेचे पंप आल्यावर हे सगळे यंत्र दोन दशकांत बंद पडले. पुष्कळ विहिरींवर धावेचे दगडी बांधकाम अजून आहे, पण नाडा-सोंदूर जोडून दाखवू शकणारा माणूस आता सत्तरी-ऐंशीचा आहे. तीच गत फड बागायतीची. बंधाऱ्याच्या पाटावर गावाने पाळीपाळीने पाणी घ्यायची ही रीत मोसम, आरम, गिरणा या नद्यांवर पिढ्यान् पिढ्या चालली. तिच्या नोंदी, पाळ्यांचे हिशेब, पाटकऱ्याची अवजारे कुणाच्या ना कुणाच्या घरी असणारच.

यासाठी देवळ्यात उद्याच इमारत उभी करायची गरज नाही. केळकरांचा संग्रहही चाळीस वर्षे घरातच होता. पहिली गरज नोंदवहीची आहे. संग्रहालयात आलेल्या प्रत्येक वस्तूला क्रमांक मिळतो आणि वहीत तिच्यापुढे लिहिले जाते: वस्तूचे स्थानिक नाव काय, ती कुठल्या गावातून, कुणाच्या घरून आली, कधी आली, कशाची आहे, लांबी-रुंदी-वजन किती, काय मोडलेले आहे आणि ती वापरायची कशी. यातला पहिला आणि शेवटचा रकाना सगळ्यांत मोलाचा, आणि तो फक्त गावातलीच माणसे भरू शकतात. अहिराणीत तिला काय म्हणतात तेही त्यात आले पाहिजे. आजीने पितळी डबीकडे बोट दाखवून ‘यात काजळ धरायचे’ असे सांगितले, तर ते वाक्य त्याच दिवशी वहीत उतरले पाहिजे. तिच्यानंतर ती डबी कुठल्याही अभ्यासकाला नुसती पितळी डबी आहे.

दुसरी गोष्ट साफसफाईची. सापडलेली जुनी वस्तू लगेच चिंच, लिंबू किंवा घासायच्या भुकटीने चकचकीत करू नये. आंबट पदार्थ धातूचा वरचा थर विरघळवतात आणि त्याबरोबर बारीक कोरीव रेघा, झिजत आलेली अक्षरे, कधी मुलामाही जातो. जुन्या तांब्या-पितळेवर चढलेला काळपट-तपकिरी थर बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो, उलट आतल्या धातूला तो सांभाळतो. फिकट हिरवी, हात लावताच भुकटी होणारी पुटे मात्र वाईट. ती क्षारामुळे येतात आणि ओलाव्यात वाढत जातात. अशी वस्तू कोरडी ठेवून जाणकाराला दाखवावी. लाकडाला वाळवी आणि पोथ्यांना कसर, हे दोन शत्रू सगळ्यांच्या परिचयाचे आहेत. त्यांच्यावरचा उपाय म्हणजे वस्तू जमिनीपासून उंच ठेवणे आणि अधूनमधून उघडून पाहणे. पोथी उन्हात वाळत घालू नये, सावलीत वारा द्यावा.

तिसरी गोष्ट कायद्याची. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत पुरलेले दहा रुपयांहून जास्त मोलाचे धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. नांगराला लागलेला नाण्यांचा हंडा त्यात येतो. 1972 चा पुरावशेष कायदा शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना लागू आहे. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची. जुन्या मूर्ती, चित्रे, सचित्र पोथ्या अशा ठरावीक प्रकारच्या वस्तू जवळ असतील तर त्यांची नोंदणी करावी लागते, आणि कुठलाही पुरावशेष खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. नोंदणी केली म्हणून वस्तू सरकारजमा होत नाही, मालकी मालकाचीच राहते. ही भीती अनेक घरांत आहे आणि तिच्यापायी जुन्या मूर्ती पेटीच्या तळाशी दडवलेल्या असतात, म्हणून हे स्पष्ट लिहिले. आजोबांची समई, जाते, पायली-मापटी किंवा मोटेचे चाक यांना अशी नोंदणी लागत नाही. ती शाळेच्या एका खोलीत, ग्रामपंचायतीच्या ओसरीवर किंवा वाचनालयाच्या कपाटात आजही ठेवता येतील, शेजारी वही ठेवून. नाशिकला सरकारवाड्यात शासनाच्या पुरातत्त्व विभागाचे कार्यालय आहे. वस्तू कशी नोंदवावी, कशी हाताळावी हे विचारायला तिथे जाता येते.